धडा

बिबवेवाडीत गुगळ्यांच्या दुकानात
मी पहिल्यांदा स्टीलचा डबा पुढे केला
तेव्हा परागनं तो उलटा करून पाहिला,
काहीतरी परत करायला आणलंय असं वाटून.
"पोहे दे, यात."
"अर्धा किलोचं पाकीट तयार आहे की, काका."
"यातच दे."

मागे गादीवर म्हातारे शेठ डोळे मिटून बसलेले.
न उघडताच म्हणाले, "आधी धडा कर."
परागला कळेना. धडा म्हणजे पुस्तकातला,
एवढंच त्याला ठाऊक.
खरं सांगायचं तर मलाही तेवढंच.
शेठ उठले. जुन्या तराजूच्या काळातले
दोन खडे आणि एक गंजका नट
अजून गल्ल्यात होते.
रिकामा डबा एका पारड्यात, हे दुसऱ्यात,
काटा मधे आला की मग माल.
"डब्याच्या वजनाचे पैसे गिऱ्हाइकानं का द्यायचे?"
पराग हसला, एक बटण दाबलं,
दोनशे दहा ग्रॅमचं शून्य झालं.

तेव्हापासून घरात मी चेष्टेचा विषय.
किटली, डबे घेऊन निघालो की नयना म्हणते,
"निघाली स्वारी कल्हईला."
दुधाला किटली, पनीरला चपटा डबा,
मटणाला घट्ट झाकणाचा
(तो एकदा डिकीत उघडलाच).
एकदा पिशवी विसरलो म्हणून मंडईतून
पालक हेल्मेटमध्ये भरून हँडलला लटकवला.
स्वारगेटच्या चौकात पावती फाटली.
दहाच्या जुडीला पाचशे दंड,
हे नयना आल्यागेल्याला सांगते.

शाल्मलीच्या डब्यात पोळीचा रोल
मी सुती फडक्यात गुंडाळून दिला.
संध्याकाळी फडकं दप्तराच्या तळाशी, चुरगळलेलं.
"सगळ्यांचं फॉइल असतं. माझं पोतेरं."
पोतेरं हा शब्द तिला कुणी शिकवला देव जाणे,
पण फडक्यावर लोणच्याचा डाग होता, वासही.
तिचं अगदीच खोटं नव्हतं.
मग नयनाच्या जुन्या ओढणीचा निळा तुकडा कापला,
कडा मी शिवल्या, वाकड्या.
ते चाललं. का चाललं, मी विचारलं नाही.

आणि त्याच आठवड्यात
सासूबाईंनी फोनवरून मागवलेली चहाची गाळणी आली.
खोक्यात खोकं, त्यात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक,
आणि गाळणी एका कोपऱ्यात
परक्या घरी आल्यासारखी अवघडून.
सासूबाई दुपारभर फुगे फोडत बसल्या.
टप्. टप्.
इतक्या खुशीत होत्या की मी गप्प राहिलो.

कचरा न्यायला येणाऱ्या सुलाबाईंना
एकदा जरा फुशारकीनंच विचारलं,
"आमची बादली हलकी झाली ना हल्ली?"
त्या बादली पालथी करत होत्या.
"झाली की. दुधाची पिशवी नाय, बाटली नाय,
मला ज्याचे चार पैशे मिळतात
ते तुमी बंद केलं.
आन ही चमकी," शेव-वेफर्सची पाकिटं झटकत म्हणाल्या,
"हिला भंगारवाला हातबी लावत नाय.
ती तेवढी ठेवली."

मी जिन्यात उभा.
हे वजन मी धरलंच नव्हतं.

"आन दुधाची पिशवी आलीच कधी,
तर कोपरा पुरता कापू नका. लोंबता ठेवा.
त्यो बारका तुकडा माझ्या हाती लागत नाय.
कुटं जातो कुणास ठाऊक."
मला ठाऊक होतं. मोरीच्या जाळीत
असे तीन मी स्वतः काढले होते
चिमट्यानं, मागच्या दिवाळीत.

शनिवारी शेवेसाठी डबा घेऊन गेलो.
परागनं तो काट्यावर ठेवला,
आणि स्वतःशीच पुटपुटला, "आधी धडा."
शेव भरली. तेवढ्यात लक्षात आलं,
झाकण घरीच राहिलंय.
तो पिशवी काढायला खाली वाकला.
"नको," म्हटलं.
रस्त्यावर वारा होता, धूळ होती,
शेवेवर तळहात पसरून
मी घरापर्यंत चालत आलो.